आईवडिलांसाठी घरच्या अलार्मला दुसरा रिमोट कसा जोडायचा?

तुम्ही पुण्याला, आईवडील दोघंच जुळे सोलापुरात. मागच्या सुट्टीत वायरलेस अलार्म बसवलात, त्यासोबत एकच रिमोट आला. आईसाठी दुसरा आणला तर पॅनल (अलार्मचा मुख्य डबा) तो घेत नाही, आणि दुकानदार म्हणतोय, "जुन्याची कॉपी मारून देतो." मारून घ्यायची का, असं विचारलंय.

नका घेऊ. मी सोलापुरातच सीसीटीव्ही आणि अलार्म बसवतो, आणि हा एक सल्ला मी प्रत्येक घरात देतो.

रिमोटच्या आत एक चिप असते आणि तिला तिचा एक नंबर असतो. स्वस्त अलार्ममध्ये बहुतेक वेळा ईव्ही १५२७ जातीची चिप सापडते. तिचा नंबर २० बिटांचा, म्हणजे १०,४८,५७६ वेगवेगळे नंबर होऊ शकतात, आणि पुढचे ४ बिट कोणतं बटण दाबलं ते सांगतात. पॅनलला तुमचा रिमोट ओळखीचा वाटतो तो या नंबरावरून. कॉपी मारली की दुसऱ्या रिमोटमध्ये तोच नंबर बसतो. पॅनलच्या लेखी ते दोन रिमोट नाहीतच, एकच आहे. त्यातला एक हरवला तर फक्त हरवलेला बंद करायला काही मार्गच राहत नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानावरच्या गड्ड्यात, म्हणजे तिथल्या जत्रेत, एका गिऱ्हाइकाचा चाव्यांचा जुडगा पडला. जुडग्याला रिमोट, आणि भरीस भर म्हणून घराचा पत्ता लिहिलेली प्लास्टिकची पट्टी. घरात तीन रिमोट होते, तिन्ही कॉपीचे. मी रात्री जाऊन तो नंबर पॅनलमधून काढला तेव्हा उरलेले दोनही मेले. त्या रात्री त्या घरात चालणारा रिमोट कुणाकडेच नव्हता. दाराचं कुलूप दुसऱ्या दिवशी बदललं. चावीला पत्ता कधीच लावू नका, नुसता मोबाईल नंबर पुरतो.

आणखी एक लक्षात घ्या. साध्या यंत्रावर कॉपी होते याचाच अर्थ तुमच्या रिमोटचा कोड कायम एकच आहे. रोलिंग कोडच्या रिमोटमध्ये तो दर दाबाला बदलतो, त्याची अशी कॉपी चालत नाही. पुढे कधी पॅनल बदलाल तेव्हा रोलिंग कोड आहे का, हे आधी विचारा.

आता नवा रिमोट पॅनल का घेत नाही ते बघू. आधी रिमोटच्या पाठीवरचा किंवा खोक्यावरचा फ्रिक्वेन्सीचा आकडा वाचा. आपल्याकडे बरेच अलार्म ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात, पण ३१५ आणि ८६८ चे रिमोटही बाजारात सर्रास मिळतात आणि दिसायला अगदी सारखे असतात. आकडा जुळत नसेल तर कितीही बटणं दाबा, उपयोग नाही. आकडा जुळूनही चिप वेगळ्या पद्धतीची असू शकते. म्हणून पॅनलच्याच कंपनीचा रिमोट मागवा. शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

जोडायचं काम दोन मिनिटांचं आहे, फक्त घाई नको. अलार्म आधी बंद करा. पॅनलवरचं छोटं लर्न किंवा सेट बटण दाबा (ॲपवाला पॅनल असेल तर ॲपमध्ये रिमोट जोडायचा पर्याय असतो). दिवा लुकलुकायला लागला की दोन-तीन हातांवरून नव्या रिमोटचं कोणतंही एक बटण दाबा. पॅनल वाजून सांगतो. त्या वेळी घरातल्यांना एका जागी बसवा. पॅनल त्या क्षणी कान उघडे ठेवून बसलेला असतो, पहिला जो सिग्नल येईल तो घेतो. वडील हॉलमधून गेले आणि हालचाल टिपणारा मोशन सेन्सर बोलला, तर त्याचाच नंबर रिमोट म्हणून चिकटू शकतो. आणि ते लर्न बटण दाबून धरून ठेवू नका. कित्येक पॅनलमध्ये जास्त वेळ धरलं की आधीचे सगळे रिमोट पुसले जातात. आपल्या मॉडेलला किती सेकंद, ते पुस्तिकेत बघून मगच हात लावा.

ॲप असेल तर रिमोटला नाव द्या, "आई", "बाबा". नसेल तर पॅनलच्या पाठीवर कागद चिकटवून कोणता रिमोट कितव्या नंबरवर आहे ते लिहा. हरवला त्या दिवशी हाच कागद कामाला येतो.

खरा वेळ द्यायचा तो बटणांना. रिमोटवर चार बटणं असतात. बंद कुलूप म्हणजे सगळं चालू. उघडं कुलूप म्हणजे बंद. घराचं चित्र म्हणजे रात्रीचं लॉक: दारं-खिडक्यांचे सेन्सर जागे, पण आतला मोशन सेन्सर झोपलेला, म्हणजे वडील रात्री बाथरूमला उठले तरी हूटर वाजत नाही. चौथं बटण एसओएसचं, म्हणजे संकटात मदत मागायचं. हे दाबलं की अलार्म बंद असला तरी हूटर वाजतो आणि भरलेल्या नंबरांवर फोन जातात.

विजापूर रोडवरच्या एका मावशींनी रिमोट पदराच्या टोकाला बांधला होता. कमरेला पदर खोचून त्या खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटायला बसल्या की दर दोन-तीन घावांनी बटण दाबलं जायचं. मी पोचलो तेव्हा गल्लीतले चार लोक दारात आणि मावशी रडवेल्या, "मी काहीच दाबलो नाही की ओ, ते आपोआप वाजायलंय." मी सेटिंगमध्ये एसओएस तीन सेकंद धरल्यावरच लागेल असं केलं आणि रिमोट गळ्यातल्या दोरीला लावून दिला. उघड्या कुलपाच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा जाड थेंब दिला. वाळल्यावर तो बोटाला लागतो, अंधारातही चष्म्यावाचून सापडतो. तुमच्या आईसाठी एवढं नक्की करा. पॅनलमध्ये तीन सेकंदांची सोय नसेल तर सरकत्या झाकणाचा रिमोट घ्या.

रेंजबद्दल दुकानात "शंभर मीटर" सांगतात, पण ते मोकळ्या माळावरचं. मध्ये आरसीसीचा स्लॅब आणि लोखंडी जाळीचं दार आलं की गेटपर्यंतही मारामार होते. बहुतेक घरांत दोष पॅनलच्या जागेचा निघतो. लोखंडी कपाटाच्या डोक्यावर किंवा फ्रिजच्या मागे पॅनल ठेवलेला असतो. तो भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, धातूपासून लांब लावा. बाहेर तारेची अँटेना असेल तर तिची गुंडाळी करू नका. ४३३ च्या लहरीची चौथाई लांबी साधारण १७ सेंटिमीटर येते, ती तार त्या मापाची असते आणि सरळच हवी.

गेटपासून रिमोट चालणं महत्त्वाचं आहे, कारण आईला दार उघडायच्या आधी बाहेरूनच अलार्म बंद करता यायला हवा. या रिमोटला वाय-फाय लागत नाही, तो थेट पॅनलशी बोलतो. लाईट गेली, राउटर बंद पडला, तरी पॅनलची आतली बॅटरी चांगली असेल तर रिमोट चालतो. मेन स्विच पाडून हे एकदा बघून घ्या.

सेलचं थोडक्यात सांगतो. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. तिथे २०१६ घातला तर तो निम्म्या जाडीचा, सैल बसतो, आणि लोक पॅनललाच दोष देतात. काही जुन्या रिमोटमध्ये २७ए नावाचा १२ व्होल्टचा बारीक सेल असतो, तो वेगळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा रिमोट गाडीच्या डिकीत ठेवू नका. आणि घरात नातवंडं येत असतील तर काढलेला चपटा सेल त्याच क्षणी हाताआड करा. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. संशय जरी आला तरी वाट न बघता सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.

पुढच्या खेपेला याल तेव्हा हे सगळं करून झाल्यावर आईला एकटीला गेटबाहेर पाठवा. लॉक लावायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं, परत येऊन रिमोटनं बंद करायचं आणि घरात यायचं. असं तीनदा. तुम्ही रस्त्यापलीकडे उभे राहा, चुकली तरी रिमोट तिच्या हातातून घेऊ नका. हूटर वाजला तर वाजू द्या, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलं की झालं.