ओकलंडला येताय ना, मग आधी फ्रँक चिन वाचा

तुम्ही विचारलंय की जूनमध्ये इथे कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला जॉइन होताय आणि ओळखीचे सगळे सांगतायत काळ्यांच्या वस्तीजवळ घर घेऊ नका, तर खरं काय. घराचं शेवटी सांगतो, आधी माझी फजिती ऐका.

आल्या आल्या ऑफिसात एक गोरा मॅनेजर म्हणाला, तुम्ही इंडियन लोक कसे कामसू, कटकट नाही, 'त्यांच्या'सारखे नाही. मी खूश! आईला फोन करून सांगितलंसुद्धा. नंतर फ्रँक चिन हाती लागला, इथल्याच बर्कलीत जन्मलेला चायनीज-अमेरिकन लेखक, आणि ती शाबासकी घशात अडकली ती अडकलीच. त्याने आणि जेफरी पॉल चॅनने १९७२ मध्ये लिहून ठेवलंय की गोऱ्यांचा वंशद्वेष दोन तऱ्हेचा, काळ्यांच्या वाट्याला तिरस्कार आणि चिन्यांच्या वाट्याला प्रेम, कारण चिनी गप्प बसतात. त्यांचं म्हणणं, काळ्यांची बोली निदान त्यांची स्वतःची भाषा म्हणून मानली जाते, आमच्याकडून मात्र शुद्ध इंग्लिशच हवं.

बरं, चिनला पुढे आणलं कोणी तर काळ्या लेखकानेच, इश्माएल रीडने १९७० च्या आपल्या संग्रहात त्याला घेतलं. मग चिन आणि मित्रांनी एशियन-अमेरिकन लेखनाचा संग्रह केला तो १९७४ मध्ये छापला हॉवर्ड युनिव्हर्सिटीच्या प्रेसने, म्हणजे काळ्यांच्याच विद्यापीठाने.

पण नुसती भक्ती नाहीये हां. त्याच्या 'चिकनकूप चायनामन' नाटकातला टॅम एका काळ्या बॉक्सरवर फिल्म करतो, त्या बॉक्सरच्या बापाला शोधत पिट्सबर्गला जातो, आणि तिथे भेटलेला माणूस म्हणतो मी त्याचा बाप नाहीच! दुसऱ्याचा बाप उसना आणून आपलं भागत नाही, मला तरी तो सीन असाच कळला. (मॅक्सीन हाँग किंग्स्टन ह्या चायनीज-अमेरिकन लेखिकेवर चिन जे तुटून पडतो ते मला अजिबात पटत नाही, ते सोडून द्या.)

आणि ब्लॅक पँथर पार्टी ह्याच ओकलंडमधली, १९६६ ची. आपले दलित पँथर नाव कुठून घेऊन आले ते वेगळं सांगायला नको.

आता घर. वस्तीच्या नावावर जाऊ नका, इथे दोन गल्ल्यांत सगळं बदलतं, स्वतः चालून बघा. चौदाव्या स्ट्रीटवर आफ्रिकन-अमेरिकन म्युझियम आणि लायब्ररी आहे, फुकट आहे, पहिल्याच आठवड्यात जाऊन या. आणि घर बघायला संध्याकाळी सातनंतर जा, पार्किंगची काय बोंब आहे ते तेव्हाच कळतं.