निओफोक : 'नवलोकसंगीत' म्हणावं का?

प्रश्न जळगावच्या एका वाचकाचा आहे. वार्द्रुना या नॉर्वेच्या बँडवर त्यांना मराठीत लिहायचंय. 'निओफोक'साठी 'नवलोकसंगीत' चालेल का, असं ते विचारतात.

चालेल, पण वाचणारा भलत्या वाटेला लागेल. नवकविता, नवकथा म्हटलं की जुनं मोडून निघालेलं काहीतरी आपल्या डोळ्यांपुढे येतं. निओफोकची चाल उलटी. १९८० च्या दशकात इंग्लंडात डेथ इन जून, करंट ९३, सोल इन्व्हिक्टस या बँडची मंडळी पंक आणि कारखानी गोंगाटाच्या संगीतातून बाहेर पडली आणि साध्या गिटारकडे, संथ ढोलाकडे, बोलल्यासारख्या सपाट आवाजाकडे वळली. विषय काय, तर ख्रिस्तपूर्व दैवतं, युद्धाची राख, ओसरून गेलेला काळ.

'लोक' तर त्याहून फसवा. खान्देशात गाणारी बाई 'मी लोकगीत म्हणते' असं कधी म्हणत नाही. तिची गाणी कानबाईची, आखाजीची, झोक्याची, जात्यावरची. प्रसंग हेच त्यांचं नाव. 'लोकगीत' हे लांबून पाहणाऱ्याचं नाव. निओफोकमध्ये तर प्रसंगच नाही. एकदोघं गाणी रचतात, बाकीचे कानाला हेडफोन लावून ऐकतात. झील धरायला कुणी नाही. शिवाय आपला 'लोक' बिचारा निरागस आहे, त्याच अर्थाच्या जर्मन 'फोल्क'ला मात्र नाझी राजकारणाचा डाग लागलेला. डेथ इन जूनने त्या काळातली चिन्हं वापरल्यावरून आजही भांडणं होतात. लिहिताना हे टाळू नका.

आता वार्द्रुना. काटेकोर ऐकणारे त्याला निओफोक मानत नाहीत, नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातलं, लोकसंगीत म्हणतात. आयनार सेल्विक या संगीतकाराने २००३ मध्ये तो उभा केला. २००९, २०१३ आणि २०१६ अशा तीन अल्बमांत त्याने उत्तर युरोपातल्या जुन्या रुन लिपीची २४ अक्षरं गाण्यांत बांधली. 'रुन' या शब्दाचा जुना अर्थ 'गुपित' असाही होतो, म्हणजे अक्षर आणि गुपित एकच! वाद्यं म्हणजे बकऱ्याचं शिंग, कातड्याचे ढोल. टागेलहार्पा नावाचं एक गजाने वाजवायचं वाद्य आहे, त्याच्या तारा घोड्याच्या केसांच्या. आपल्या किंगरीच्या गोतातलंच म्हणा. एक सूर खाली धरलेला असतो आणि वर आवाज चढत जातो. या धरलेल्या सुराला इंग्रजीत 'ड्रोन' म्हणतात, त्यासाठी नवा शब्द पाडायची गरज नाही. सनईवाल्यांकडे 'सूर धरणं' आहेच.

मी हे घरी लावलं तेव्हा आमची मोठी मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोन मरी गया, भाऊ?" कितीतरी परीक्षणांपेक्षा हे नेमकं वाटलं मला. पण ढोल सुरू झाले तशी ती दारात येऊन उभी राहिली. सातपुड्यातल्या होळीचा मोठा ढोल तिने लहानपणी ऐकलेला आहे.

माझं मत विचाराल तर नाव 'निओफोक' असंच ठेवा, जाझ आणि रॉक ठेवले तसं. पहिल्यांदा येईल तिथे 'जुन्या वळणाचं नवं गाणं' एवढी ओळख जोडा. 'जुन्या वळणाचा माणूस' आपण म्हणतोच. वळण अंगात मुरलेलं असतं किंवा मुद्दाम गिरवलेलं असतं. इथे ते गिरवलेलं आहे.

लिंग नपुंसक घ्या : ते निओफोक, निओफोकचं, निओफोकमधलं. नुसतं 'फोक' मात्र लिहू नका. आमच्याकडे फोक म्हणजे निंबाची ओली, लवचीक छडी. 'मला फोक आवडतो' असं कुणी लिहिलं तर शाळेतल्या मास्तरांची आठवण येते.