मुंबईत राहून गावच्या अर्ध्या काळ्या, अर्ध्या मुरमाड पाच एकरांसाठी व्हेरिएबल रेट इरिगेशन, म्हणजे जमिनीनुसार कमी-जास्त पाणी देणारं सिंचन, घ्यावं का?

पाच एकरांना नको. हे तंत्र मुख्यतः सेंटर पिव्हटसाठी, म्हणजे मोठ्या शेतात गोल फिरणाऱ्या सिंचन यंत्रासाठी आहे. जमिनीच्या नकाशानुसार यंत्राचा वेग बदलतो किंवा नोझल उघडझाप करून पाणी कमी-जास्त होतं.

त्यामागचा विचार मात्र जरूर घ्या. तुमचं अर्धं रान काळं, अर्धं मुरमाड आहे ना? मग ठिबकचे दोन भाग करा, प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह. मुरमाडात पाणी थोडं थोडं पण वारंवार. काळ्यात जास्त दिवसांनी, कारण ती ओल धरते आणि सतत चिंब राहिली तर मुळं गुदमरतात. ओलाव्याचे सेन्सर आणि ऑटोमॅटिक कंट्रोलर बसवला तर दादरहून मोबाइलवर व्हॉल्व्ह चालवता येतील. पण फिल्टर धुवायला, तुंबलेले ड्रिपर बघायला गावात माणूस हवाच. तो आधी ठरवा.