बारावी विज्ञानानंतर इतिहास?

प्रश्न : आमची मुलगी यंदा विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी बारावी उत्तीर्ण झाली, मात्र आता इतिहास घेऊन बी.ए. करायचे म्हणते. नातेवाइकांना हे पटत नाही आणि नोकरीची चिंता आम्हालाही आहे. काय करावे?
– एक पालक, परभणी

उत्तर : विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांना बी.ए.ला प्रवेश मिळतो, तेव्हा ती अडचण नाही. नातेवाइकांचे मत तूर्त बाजूला ठेवावे. फी ते भरणार नाहीत. नोकरीची चिंता मात्र रास्त आहे, कारण नुसत्या पदवीच्या कागदावर काम मिळण्याचे दिवस राहिलेले नाहीत, आणि म्हणूनच इतिहासाला ती कोणत्या कौशल्याची जोड देते, यावर बरेच अवलंबून राहील. जुनी मराठी कागदपत्रे जिच्यात लिहिली जात, त्या मोडी लिपीचेच पाहा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहात, मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत. २०२३मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी सरकारी कागदपत्रे वाचू शकणाऱ्यांची चणचण ठळकपणे जाणवली. रसायनशास्त्राची गोडी असेल, तर ती पुरातत्त्वातही वाया जाणार नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पदवीनंतर या विषयात एम.ए. करता येते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, हे खरे. पण केवळ त्या भरवशावर बी.ए.ला जाऊ नये. महाविद्यालय निवडण्याआधी तिथले ग्रंथालय मुलीसह पाहून यावे आणि इतिहासाचे पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत, हे कार्यालयात स्पष्ट विचारावे.