लाइनवर नवीन लागलेल्या इंजिनिअरसाठी

पहिले काही महिने केबिनपेक्षा लाइनवर जास्त थांब. आपला पार्ट गाडीत कुठे बसतो, तो फेल झाला तर चालवणाऱ्याचं काय होतं, हे बघ. मालाबद्दलची आस्था तिथूनच येते. टोयोटात कामगाराला दोष दिसला की तो अंडॉनची, म्हणजे अडचणीचा इशारा देणाऱ्या यंत्रणेची, दोरी ओढतो, टीम लीडर येतो, अडचण वेळेत सुटली नाही तर लाइन थांबते. कामगारांकडून सूचना घेण्याची पद्धत तिथे १९५१ पासून आहे. आपलं बोलणं कुणी मनावर घेतं म्हटल्यावर कंपनीवर जीव जडतोच. म्हणून रिजेक्शनच्या पेटीतला पार्ट उचल, त्याच्या कडेला बर (धातूची खरबरीत धार) कशामुळे राहते ते ऑपरेटरला विचार, त्याची सूचना त्याच्याच नावाने कायझेन शीटवर, म्हणजे सुधारणांच्या नोंदीच्या कागदावर, लिही. पुढे काय झालं तेही त्याला जाऊन सांग, नाकारली गेली तर कारणासकट.