तुपाक अमारू : सम्राटाचे नाव आणि बंडखोराचा वारसा

प्रश्न : अमेरिकी रॅपर तुपाक शकुर यांचे नाव एका इंका सम्राटावरून ठेवले होते, असे वाचनात आले. उरुग्वेचे माजी राष्ट्राध्यक्ष होसे मुहिका ज्या तुपामारो संघटनेत होते, तिचे नावही त्याच सम्राटाचे आहे का?

उत्तर : नाव मूळचे त्याच सम्राटाचे आहे, परंतु ते या दोन्ही ठिकाणी पोहोचले, ते त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी झालेल्या एका बंडखोरामुळे.

सम्राट तुपाक अमारू हा आजच्या पेरूतील विल्काबांबाच्या डोंगराळ मुलखात तग धरून राहिलेल्या इंका गादीचा शेवटचा वारस. त्याची कारकीर्द जेमतेम वर्षभराची. स्पॅनिश व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने फौज पाठवून त्याला पकडले आणि सप्टेंबर १५७२ मध्ये इंकांची जुनी राजधानी कुस्को हिच्या चौकात त्याचा शिरच्छेद करवला.

दोनशे वर्षांनंतरचा तो बंडखोर म्हणजे होसे गाब्रिएल कोंदोर्कांकी, पेरूतल्याच तुंगासुका परिसराचा वंशपरंपरागत मुखिया. खेचरांच्या तांड्यांवरून मालवाहतूक हा त्याचा व्यवसाय. आपण सम्राटाच्या कन्येच्या वंशातले आहोत, असे तो सांगे. खाणींतील वेठबिगारी आणि स्पॅनिश अधिकाऱ्यांनी चढ्या भावाने गळ्यात मारलेला माल यांनी रयत पिचली असता, नोव्हेंबर १७८० मध्ये त्याने आंतोनियो दे आर्रियागा या अधिकाऱ्याला फाशी दिले आणि तुपाक अमारू याच नावाने बंड पुकारले. त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास हिने रसद, हेर आणि पत्रव्यवहार सांभाळला. तिच्याशिवाय हे बंड इतके पसरलेच नसते, असे माझे मत आहे. १८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या त्याच चौकात आधी तिला, मग त्याला ठार करण्यात आले. चार घोडे जुंपूनही त्याचे शरीर फाटेना, तेव्हा शिर उडवले. न्यायाधीश आरेचे याच्या निकालपत्राने इंका पेहराव, राजांची चित्रे, नाटके आणि विधींत वाजवले जाणारे शंखसुद्धा निषिद्ध ठरवले.

बंदीने नाव पुसले गेले नाही. १९६०च्या दशकात उरुग्वेच्या तुपामारो या गनिमी लढवय्यांच्या संघटनेने ते घेतले. १९६८ नंतर पेरूच्या वेलास्को सरकारने याच बंडखोराला जमीन सुधारणांचे प्रतीक केले आणि १९७५ मध्ये क्वेचुआ या इंकांच्या भाषेला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. शकुर यांचा जन्म १९७१चा. त्यांच्या आई अफेनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीत होत्या, आणि मुलाचे नाव त्यांनी सम्राटाऐवजी १७८०च्या या बंडखोरावरून ठेवले.