इकडे सर्व क्षेम

"आपले फोन ऐकले जातात, मेसेज वाचले जातात असं सारखं वाटत राहतं. हा आजार आहे का?" वर्षातून पाच-सहा वेळा तरी हा प्रश्न माझ्याकडे येतो. विचारणारा बहुधा स्वतःबद्दल विचारत नाही. वडिलांबद्दल, सासऱ्यांबद्दल विचारतो, आणि विचारताना थोडा हसतो. म्हणून उत्तरादाखल अण्णांची हकिगत सांगते. नाव मी दिलेलं आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

अण्णा ७३ वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. सूनबाई त्यांना घेऊन आल्या. तक्रार अशी की रात्री साडेआठ वाजले की अण्णा फोन स्टीलच्या डब्यात घालतात, झाकण गच्च लावतात आणि डबा नेऊन पिठाच्या डब्यामागे ठेवतात. जेवताना कुणी राजकारणावर बोललं की बोट ओठांवर. निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे ते ॲडमिन होते, ते सोडलं. आणि टोरांटोला असलेल्या लेकीशी, नातीशी व्हिडिओ कॉलवर एकच वाक्य बोलतात: "इकडे सर्व क्षेम." मग फोन काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या हातात.

सुरुवात एका व्यंगचित्रापासून झाली होती. ते त्यांनी ग्रुपवर पुढे ढकललं आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी तो प्रसिद्ध मेसेज टाकला: तीन निळ्या खुणा म्हणजे सरकारने नोंद घेतली, दोन निळ्या नि एक लाल म्हणजे कारवाई होऊ शकते, तिन्ही लाल म्हणजे कोर्टाचा समन्स. ही निव्वळ थाप. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने ती खोटी असल्याचं जाहीर केलंय, तरी दर वर्षी ती नव्या कपड्यात फिरते. अण्णा रोज सकाळी चष्मा पुसून खुणा मोजत.

पहिल्या भेटीत मला एवढंच बघायचं होतं की हे वाटणं किती घट्ट आहे. झोप कशी आहे, कुणी नसताना आवाज येतात का, घरातलेच कुणी सामील आहेत असं वाटतं का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "अण्णा, तुमचा अंदाज चुकत असेल का?" ते म्हणाले, "असेलही. मी काय एवढा मोठा लागून गेलोय? पण खात्री कोण देणार, बाई?" संशयाच्या आजारात माणूस सहसा असं म्हणत नाही. तिथे पुराव्याची गरजच उरलेली नसते, आणि पाळत खास आपल्यावरच आहे याची त्याला बालंबाल खात्री असते. तसं असतं तर मी त्यांना सरळ मनोविकारतज्ज्ञांकडे धाडलं असतं. तुमच्या घरी तसं काही दिसत असेल तर वाट पाहू नका, मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करा. (हो, सरकारीच. अण्णाही यावर हसले होते.)

दुसऱ्या भेटीत मी चूक केली. माहिती दिली की भीती उतरेल, असं मला वाटलं. म्हणून सांगितलं की फोन ऐकायला नियमाप्रमाणे गृहसचिवांचा आदेश लागतो, तो दोन महिने चालतो, वाढवला तरी १८० दिवसांपुढे नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर बंधनं घातली, ती उगाच नाही. वर एक आकडाही दिला. २०१३ च्या सुमारास माहिती अधिकारात केंद्राकडून मिळालेल्या उत्तरानुसार महिन्याला साधारण साडेसात ते नऊ हजार आदेश निघत होते. कोट्यवधी फोनांच्या देशात हे किती थोडं!

अण्णांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि भागाकार नाही, गुणाकार केला. "म्हणजे वर्षाला लाखभर. बाई, लाखात मी नसेनच असं कशावरून?"

गणिताच्या मास्तरांना आकड्याने धीर द्यायला निघाले होते मी. मग पेगासस, म्हणजे फोनमध्ये शिरून पाळत ठेवणारं ते सॉफ्टवेअर निघालं. त्यावर गोड बोलण्यात अर्थ नव्हता, जे आहे ते सांगितलं: सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच होतं असं ठामपणे म्हणता आलं नाही. अण्णा उठताना म्हणाले, "खोटं सांगितलं नाहीत, हे बरं केलंत." पण त्या आठवड्यात डबा साडेसातलाच बंद होऊ लागला.

तिसऱ्या भेटीला मुलगाही आला. भला माणूस, पण वैतागलेला. "लपवण्यासारखं काही नाही ना? मग घाबरायचं कशाला? चोराच्या मनात चांदणं, अण्णा!" तो थट्टेतच म्हणाला. अण्णांची मान खाली गेली ती वर येईना.

हे वाक्य मी फार घरांतून ऐकते आणि माझ्या मते निम्मं नुकसान तेच करतं. घाबरलेल्या माणसाला ते वर आरोपीही करून टाकतं. पाळतीच्या बातमीने गप्प होणं हा एकट्या अण्णांचा विक्षिप्तपणा नाही. २०१३ च्या जूनमध्ये स्नोडेन या गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या माणसाने अमेरिकी सरकारची पाळत उघड केली, त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावरचे दहशतवादाशी संबंधित लेख वाचणाऱ्यांची संख्या घटल्याचं एका अभ्यासात दिसलं. या वाचकांना कुणी पकडायला आलं नव्हतं, लेख तर सगळ्यांसाठी खुलेच होते. पेन या लेखकांच्या संघटनेने त्याच वर्षी अमेरिकेतल्या आपल्या सदस्यांना विचारलं तेव्हा १६ टक्क्यांनी कुठला ना कुठला विषय लिहिण्या-बोलण्यातून टाळल्याचं कबूल केलं. लिहिणं हाच ज्यांचा धंदा, त्यांची ही गत.

हे मी मुलाला समजावत होते, पण त्याला गप्प केलं ते काकूंनी. त्या तोवर बोललेल्याच नव्हत्या. म्हणाल्या, "माझ्या आईची पत्रं मी ट्रंकेत कुलूप लावून ठेवायचे. मुरांब्याच्या कृतीपलीकडे काही नसायचं त्यांत. म्हणून तुझ्या आत्याने ती वाचलेली मला चालली असती होय?"

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. काकूंना त्याचा पत्ता नव्हता.

पत्रांचा विषय निघाला आणि अण्णा बोलू लागले. आणीबाणीत त्यांचे थोरले भाऊ मिसा या विनाखटला डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांची पत्रं तुरुंगात वाचून मगच बाहेर पडत. एका पत्रातल्या चार ओळींवर काळी शाई फिरवलेली होती. आईने ते उलटसुलट करून पाहिलं, दिव्यापाशी नेलं, काही लागलं नाही. तेव्हापासून घरातून येरवड्याला जाणाऱ्या प्रत्येक पत्रात एवढंच लिहायचं ठरलं: इकडे सर्व क्षेम.

नातीला ते काय म्हणत होते आणि का, हे मला तेव्हा कळलं. घरात इतर कुणालाही ठाऊक नव्हतं.

पुढच्या भेटींत आम्ही पाळत आहे की नाही हा वाद सोडून दिला. तो माझ्याच्याने सुटणार नव्हता. अण्णांनाच विचारलं, पूर्वी काय कशात लिहायचा? ते खुलले. पोस्टकार्ड पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे वाचणार, म्हणून त्यात पोचल्याची खुशाली. घरचं दुखणंखुपणं अंतर्देशीयात. आणि काही गोष्टी समोर बसूनच. मग त्यांनी डायरीत तीन रकाने आखले. ग्रुप म्हणजे पोस्टकार्ड. लेकीशी बोलणं अंतर्देशीय: वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून व्हॉट्सअ‍ॅप मजकूर कुलूपबंद करून पाठवतं, मात्र दोन्ही टोकांचे फोन ज्यांच्या हाती पडतील त्यांना सगळं उघडं. बँकेचं, मृत्युपत्राचं समोरासमोर.

व्यंगचित्र त्यांनी स्वतःच पोस्टकार्डाच्या रकान्यात लिहिलं, आणि म्हणाले, पालघरच्या मुलींचंही तेच. २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून दोघी तरुणींना अटक झाली होती, एकीने लिहिलं म्हणून आणि दुसरीने ते लाइक केलं म्हणून. तिथे फोन कुणी चोरून ऐकला नव्हता, उघड्यावरचा मजकूर पाहून तक्रार झाली होती. त्यांच्यावर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलमच पुढे २०१५ मध्ये रद्द झालं. ॲडमिनपदाचं ओझंही जरा हलकं झालं. सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं तर केवळ ॲडमिन म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय, हे त्यांनी निकाल मिळवून स्वतः वाचलं. ॲडमिन मात्र परत झाले नाहीत. "आता देशपांडे सरांना सांभाळू दे," म्हणाले.

डबा अजून आहे. रात्री दहाला फोन त्यात जातो, झोप बरी लागते म्हणे. मी त्याला हात लावलेला नाही.

शेवटच्या भेटीला अण्णा उशिरा आले. आदल्या रात्री त्यांनी नातीला ते पत्र कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं होतं. ती म्हणाली, आजोबा, उजेडासमोर धरा ना. धरलं. मग मागून टॉर्च मारायला लावला. मग म्हणाली फोटो पाठवा, मी मोठा करून बघते.

"दिसलं काही?" मी विचारलं.

"छे. पण पाऊण तास झाला होता बोलायला लागून. काकू ओरडली, कुकर लावायचा राहिला म्हणून."